चारशे चित्रांची म्हैस

या, असं पुढं सरकून बसा. दाराशी पावण्यासारखं टेकून काय बसलाय? आणि बसताय तर आधी थोडं रागावून घेऊ द्या मला. तुम्ही इथं वाढलात, थेटरात पिक्चर बघितलेत, मध्यंतरात खारे दाणे खाल्लेत. त्या वेळी पडद्यावर जाहिरातीत दुधाची एक किटली टुणटुण उड्या मारत यायची, पायरीला अडखळायची, पडता पडता झाकण सावरायची आणि लाजायची. सगळं थेटर हसायचं. पण इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं का, की किटलीला ना डोळे ना गाल, मग ती लाजली कशी? कुणी लाजवली तिला? नाही विचारलं. दाणे संपवलेत आणि पुढचा पिक्चर बघितलात.

ती किटली आमच्या मास्तरांनी लाजवली. इथंच, राजारामपुरीत, डॉक्टरांच्या दवाखान्यावर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक मोरी एवढ्या जागेत. मास्तरांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनीच आपल्या कुठल्या कामावर ते घातलं नाही, मग मी कोण घालणार?

मास्तर म्हटलं की मला आधी त्यांचा डावा हात दिसतो. चार बोटांच्या फटीत चार कागद अडकवलेले आणि बोटं एकामागून एक उचलत कागदांची फडफड चाललेली. काढलेलं चित्र हलतं का, हे बघायची ती कार्टूनच्या धंद्यातली रीत. पण त्यांच्या हाताला ती सवय इतकी जडली की लग्नपत्रिका दिली तरी ते आधी फडफडवून बघायचे. एकदा आमच्या घरी जेवायला आले तर ताटातल्या दोन भाकऱ्या बोटांत धरून तेच चाललेलं. मी म्हटलं, "मास्तर, भाकरी हलत नसते." तर म्हणाले, "व्हय, पण करपल्याले डाग हलत्यात बघा की."

आणि त्या फडफडीनंतर ठरलेलं वाक्य. मान तिरकी, एक डोळा बारीक, "हलतंय. पण जात न्हाय."

पहिल्यांदा मला काही कळलं नाही. हलतंय तर झालं की! मग त्यांनी खिडकीतून खाली रस्ता दाखवला. "ते झाड बघा. हलतंय. जातंय का? आणि ती बाई बघा. हात पिशवीत, पाय जागच्या जागी, भाजी निवडालीय. पण मनानं घराकडं चाललीय. ती जातीय." मी बघितलं. खरंच, ती बाई चालली होती. उभी होती आणि चालली होती. तेव्हापासून मला बाजारात धड भाजी घेता येत नाही, नुसती माणसं बघत राहते.

मी त्यांच्याकडं कामाला लागले ती रांगोळीमुळं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही गारगोटीकडच्या शाळेत. लग्न होऊन इथं आले. समोरच्या बोळात आमचं घर. दिवाळीत दारात रांगोळी काढत बसले होते, मास्तर रस्त्यावरून तरातरा चालले होते. ते कधी सावकाश चालायचेच नाहीत. पुढं गेले, थांबले, उलटे मागं आले. "वैनी, रंग रेघंच्या भाईर जात न्हाय वो तुमचा?" मी म्हटलं, "का जावा?" "उद्यापासनं येताय का कामाला?" ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, जा की, घरात तरी कुठं बसतीस. झालं.

काम असं. मास्तर कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढायचे. एका सेकंदाला बारा. ती चित्रं काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या पातळ फिल्मवर शाईनं उतरवायची, मग उलट्या बाजूनं रंगवायची. त्या फिल्मला आम्ही सेल म्हणायचो. रंगवायला मी आणि नसीमा, मागच्या गल्लीतली मुलगी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दहापट बोलकी. रंगवलेले सेल मास्तर कॅमेऱ्याखाली एकेक ठेवून फोटो काढायचे. आणि एकदा शूटिंग झालं की सेल धुवायचे! साबणाच्या कोमट पाण्यात टबात भिजत घालायचे, रंग सुटला की मऊ फडक्यानं पुसायचे आणि गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत टाकायचे. सेल मुंबईहून यायचे, दुर्मिळ वस्तू, एकेक सेल आठ-दहा वेळा वापरायचा. दोन महिने जीव लावून रंगवलेली किटली आपल्याच हातानं धुऊन टाकायची. सुरुवातीला मला रडू यायचं. नसीमा म्हणायची, "वैनी, आपलं बाळ न्हाणीला बसवलंय समजा."

मास्तर मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत सहा वर्षं राबून आले होते. का आलात परत, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिथं बसाय खुर्ची होती, फिराय जागा न्हवती." आणि फिरल्याशिवाय त्या माणसाचं चालायचंच नाही. एक चित्र काढलं की उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे, दुसरं काढायचे. रस्त्यात दिसेल त्याच्या मागं त्याच्याच चालीनं चालून बघायचे. एकदा पोस्टमनच्या मागं पाच गल्ल्या गेले. शेवटी पोस्टमन वळला.

"काय वो, चेष्टा करालाय व्हय?"

"चेष्टा न्हाय पावणं. तुमचा उजवा खांदा आधी जातोय. का जातोय?"

"पिशवी असती की तिथं."

"आज कुठं हाय पिशवी?"

पोस्टमननं आपल्या खांद्याकडं बघितलं आणि त्या दिवसापासून त्या गरिबाची चाल बिघडली. आमच्या बोळात येताना तो पत्त्याकडं कमी आणि खांद्याकडं जास्त बघायचा.

काय काय केलं आम्ही! किटली केली. पाणी उकळून प्या म्हणून सरकारी फिल्म केली, तिच्यातला जंतू इतका गोड झाला की साहेबांनी परत पाठवली, म्हणाले, याला मारावंसं कुणाला वाटणार? मग जंतूच्या भुवया खाली ओढल्या. दंतमंजन केलं. मतदान केलं. एका परदेशी अस्वलाचं काम मुंबईहून आलं, तेव्हा वर्षभर अस्वलच अस्वल. त्यातही आमच्या वाट्याला एवढंच, की अस्वल दाराशी येतं, कडी काढतं, दार उघडतं. दारापलीकडं काय होतं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला. मला अजून माहीत नाही. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या वाटतं, काय असेल तिथं?

ही सगळी लोकांची कामं. मास्तरांचं आपलं म्हणून एकच होतं. म्हशीची फिल्म. दहा मिनिटांची.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं गवळी म्हशी सजवतात, ते तुम्हाला सांगायला नको. शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं, म्हैस मागं. त्या फटफटीच्या आवाजावर म्हैस पळते. दत्तूआबा गवळी आमच्याकडं दूध घालायचे. त्यांची चंद्रा नावाची म्हैस गावात नावाजलेली. आबांनी गाडी विकली. गुडघ्यानं किक मारवेना. तर चंद्रा एका दिवशी रस्त्यावर कुणाची तरी फटफटी ऐकून गोठ्यातनं सुटली आणि त्या अनोळखी गाडीमागं भर बाजारातनं पळत सुटली. आबा सायकलवर तिच्या मागं. शेवटी तिला मागून आबांची हाक ऐकू आली, ती थांबली, आणि मग सायकलच्या चालीनं, अगदी सावकाश, आबांबरोबर घरी आली. ही खरी झालेली गोष्ट. हीच फिल्म.

मास्तर त्या म्हशीनं झपाटले. चार पायांचं गणित कळेना, म्हणून गच्चीवर स्वतः हातापायांवर पळायचे. खालून डॉक्टर वर आले. "मास्तर, माझे पेशंट छताकडं बघायला लागलेत. वर काय बांधलंय?" मास्तर तसेच चारही पायांवर, धापा टाकत, "डॉक्टर, आलायसा तर सांगा, मागला पाय उचलताना तुमचं कंबार कुठं जातंय?" डॉक्टरांनी स्टेथोस्कोप खिशात घातला आणि गुडघ्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन वर गेले तर दोघंही.

फिल्मचं बाकी सगळं झालं. गोठा झाला, आबा झाले, सायकलवरचा शेवट झाला. फक्त बाजारातली धाव राहिली होती. तीस-पस्तीस सेकंदांची, चारशे चित्रं. लोकांची कामं सांभाळून, फावल्या वेळात, मी आणि नसीमानं ती चार महिने रंगवली. काळा रंग सोपा वाटतो ना? रंगवून बघा. म्हशीचा काळा पाठीवर वेगळा, पोटाखाली वेगळा. दसरा झाला की शूटिंग आणि पाडव्याला गवळ्यांच्या चौकात पडदा लावून फिल्म, असं मास्तरांनी आबांना सांगून ठेवलं होतं. आबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. सुताराची पटाशी, शिंप्याची मशीन, तसा आमचा कॅमेरा. पेन्सिली, ब्रश, रंगाच्या बाटल्या, सगळं चौरंगावर मांडून हळदकुंकू, झेंडू. एकदा पूजेला बसवलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही. मास्तरांनी चौरंगाला जागा करायला टेबलाखालचे गठ्ठे उचलून खिडकीशी, तिथल्या सेलखाली सरकवले. खिडकीशी आम्ही शूटिंग झालेले सेल ठेवायचो. धुवायचे.

ब्रश पूजेला, मग आम्हा दोघींना काम काय? धुणं. खिडकीतला गठ्ठा उचलला. वरचे पंधरा-वीस सेल जुन्या किटलीचे होते. मध्ये पातळ कागद. मी म्हटलं, सगळ्या किटल्याच. कागद काढत काढत, नसीमाशी तिच्या नणंदेबद्दल बोलत बोलत, अख्खा गठ्ठा टबात सोडला.

थोड्या वेळानं नसीमा म्हणाली, "वैनी, किटलीला एवढं काळं कुठं होतं?"

मी टबात बघितलं. शाईसारखं पाणी. हात घातला आणि वर काढला, तर कोपरापर्यंत काळा. नसीमानं दोन सेल वर ओढले. एकावर शिंगाचं टोक राहिलं होतं, दुसऱ्यावर तेही नाही.

मास्तर झेंडूची फुलं घेऊन वर आले. मोरीच्या दारात उभे राहिले. पाण्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलतो ते मला जन्मभर पुरणार. त्यांनी फुलं खाली ठेवली. बादली घेतली, टब ओतला, आणि एकेक सेल स्वच्छ धुवायला बसले. आमच्याबरोबर. शेवटचा दोरीवर घालून झाला तेव्हा म्हणाले, "बरं झालं वैनी. मागला डावा पाय चुकलाच हुता."

आणि खाली जाऊन आम्हा दोघींना चहा घेऊन आले.

आता बघा. नुसता गठ्ठा चुकून धुतला म्हणून फिल्म बुडत नाही. पेन्सिलीची चित्रं कागदावर होतीच. परत उतरवली असती, परत रंगवली असती. पाडवा चुकला असता, पण चार महिन्यांनी फिल्म झाली असती. मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी शाई घेऊन तयार बसले होते. मास्तर म्हणाले, "थांबा. आता धुतलंयच, तर पाय सुधारून घेतो." पाय सुधारला, तर कंबर जुळेना. कंबर सुधारली, तर शेपूट मागं राहिली. "बघू परत एकदा." सगळी चारशे चित्रं नव्यानं काढली. गठ्ठा बांधला. मग पाडव्याची धाव बघून आले आणि म्हणाले, "मान अशी नसती. बघू परत एकदा."

अशी वर्षं गेली, बायांनो आणि बाबांनो. मी टबात म्हैस घातली आणि मास्तरांना दार उघडून दिलं. आत गेलेला माणूस बाहेर येईना.

दत्तूआबा रोज दूध घालताना विचारायचे, "मास्तर, आमची म्हस पळाली का न्हाय?"

"पळतीया आबा. ह्या पाडव्याला बघा."

पुढं आबांची बायको गेली, चंद्रा गेली, दूध घालायला मुलगा यायला लागला. आबा अंथरुणाला खिळले. मी मास्तरांच्या मागं लागले, चला, भेटून येऊ. दोघं स्कूटरवरून गेलो. मास्तरांनी जाताना सहावा का सातवा गठ्ठा बरोबर घेतला होता. आबांच्या उशाशी बसून, पन्नास-पन्नास कागद धरून, अंगठ्यानं सोडत सोडत म्हैस पळवून दाखवली. आबा उशीवरून मान उचलून बघत होते. संपलं तसं म्हणाले, "पळतीया की वो." मग जरा दम खाऊन, "मग दावत का न्हाईसा लोकास्नी? मी हाय तवर दावा की."

मास्तरांनी कागद सरळ केले, दोरी बांधली. "दावतो आबा."

परत येताना मास्तरांनी बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि मागं वळून मला म्हणाले, "मान अजून जरा वर हाय. बघितलंसा?"

मी उतरले आणि रस्त्यातच भांडले त्यांच्याशी. लोक बघत होते. "मास्तर, म्हातारा चाललाय! मान राहू द्या वर. काढा शाई, मी उद्या बसते!" ते स्कूटरचं हँडल नुसतं डावी-उजवीकडं वळवत राहिले. महिन्याभरात आबा गेले. त्यांनी फिल्म बघितली नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, "मी धुतलं नसतं तर, मास्तर?" ते म्हणाले, "तर चुकल्याला पाय जगानं बघितला असता." मला वाटलं, माझं मन राखतात. पाय-बिय काही चुकला नव्हता. गठ्ठे स्वतः सरकवले हेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही नाही.

मग कॉम्प्युटर आले. नसीमा लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. रंग, टब, चिमटे, सगळं माळ्यावर. मास्तर लग्नांच्या व्हिडिओसाठी फुलं पाडून द्यायचे, क्लासवाल्यांची नावं गरगर फिरवून द्यायचे. मोबाईलवर येणारी आमंत्रणं असतात ना, गणपती येतो, सोंड हलवतो, पत्रिका उघडते? त्यातले कितीतरी गणपती आमचे. त्याही गणपतीचा कान मास्तर तीन-तीनदा बदलायचे. लोक म्हणायचे, "मास्तर, कोण बघतंय कानाकडं?" हे म्हणायचे, "गणपती बघतोय की." मी जात राहिले. काम नसलं तरी जायचे. चहा करायचे, खिडकीशी बसायचे. ते फेऱ्या मारायचे आणि मला बसवायचं नाही. त्यांची अस्वस्थता माणसाला लागायची, खरजेसारखी.

मागच्या वर्षी पाडव्याची धाव बघून आले. घामेजलेले, डोळे चमकलेले. "वैनी, सापडलं. खूर टेकायच्या आधी ती जिमिनीकडं बघतीया!" दुसऱ्या दिवशी ताप भरला. खाली डॉक्टरांचा मुलगा आता दवाखाना बघतो, त्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवसांत मास्तर गेले. तिथंही चादरीवर बोटं चालत होती, एक उचल, दुसरं टेक.

मुक्ता, त्यांची मुलगी, पुण्यात असते. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. जागा आवरायला आली तेव्हा मला बोलावलं. माळ्यावर सतरा गठ्ठे निघाले. सतरा वेळा चारशे. मुक्ता जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काकू, हे मी टाकूही शकत नाही आणि ठेवूही शकत नाही."

"मग पळव," मी म्हटलं.

तिनं रजा काढली. एकेक कागदाचा फोटो घेतला, सगळे कॉम्प्युटरवर चढवले आणि एका दुपारी आम्ही दोघी बघायला बसलो. सतरा म्हशी. तिला सगळ्या सारख्याच वाटत होत्या. म्हणाली, "शेवटची घेऊया ना? बाबांनी सगळ्यात शेवटी काढलेली." शेवटची सुरेख होती. पाय, कंबर, मान, शेपूट, कुठं बोट ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, पहिली लाव परत.

पहिली लावली. आणि बघा, मागला डावा पाय चुकलाच होता. खरंच. वळणावर तो किंचित उशिरा येतो, खूर घसरल्यासारखा होतो, आणि म्हैस स्वतःला सावरून पुढं झेप घेते. तीस वर्षं मी समजत होते, माझं मन राखायला खोटं बोलले. खोटं नव्हते बोलले. माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि मुक्ता विचारत होती, "काकू, काय झालं?"

"ही घे," मी म्हटलं. "हिला गाडी गाठायचीय. बाकीच्यांना घाई नाही."

मुक्तानं तीन-चारदा उलटसुलट करून बघितलं. "पण बाबा म्हणाले असते, पाय चुकलाय."

"म्हणाले असते. आणि परत चारशे काढली असती."

ती हसली आणि मग बराच वेळ हसली नाही. शेवटी तिनं तीच घेतली. माझं चुकलंही असेल. निवडताना मी मास्तरांची म्हैस निवडत होते, की मी बुडवलेली टबातनं वर काढत होते, देव जाणे. दुपारी पडले की अजून हा विचार येतो आणि मग मी पडत नाही, उठून कामाला बसते.

हो, कामाला. पाटीसारखा एक स्क्रीन मुक्तानं आणून दिलाय, त्याच्यावर पेननं रंगवायचं. वास नाही, ब्रश नाही. चुकलं तर एक बटण दाबलं की मागचं परत येतं. पहिल्या दिवशी ते बटण मी वीस वेळा दाबून बघितलं. तीनशे दहा म्हशी झाल्या, नव्वद राहिल्यात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, डॉक्टर म्हणतात, लवकर उरकून घ्या. मी म्हटलं, पाडव्यानंतर. यंदाच्या पाडव्याला गवळ्यांच्या चौकात पडदा लावायचा ठरलाय, आबांच्या मुलानं बांबूही आणून टाकलेत.

आवाजाचं मात्र राहिलंय. फटफटीचा आवाज मास्तरांच्या जुन्या कॅसेटवर सापडला, घुंगरं सापडली. दत्तूआबांची हाकही सापडली, "हो गं, हो गं चंद्रे!", तशीच खणखणीत, मुक्तानं ती साफ करून घेतली. फक्त बाजारातल्या लोकांचा आवाज नाही. म्हैस सुटल्यावर जो गलका उठतो तो. मास्तरांनी तो मुद्दाम मागं ठेवला होता. म्हणायचे, "म्हस दावायची आणि मग वरडाय लावायचं. न बघता वरडल्यालं कळतंय."

म्हणून बोलावलंय तुम्हाला. येत्या शनिवारी या, दुपारी चारला, दवाखान्यावर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्यांत चाळीस माणसं मावतात, किटलीच्या वेळी मावली होती. घरातल्या म्हाताऱ्यांना आणा, पोरांना आणा, शेजारणीशी बोलणं बंद असेल तर तिलाही आणा, भांडलेल्या बायकांचा आवाज मोठा लागतो. मुक्ता भिंतीवर चादर लावून, तुमचा आवाज घ्यायला माईक मांडून ठेवेल. म्हैस वळणावर येईल, तिचा पाय घसरेल, तेव्हा तुमच्या तोंडातनं जे निघेल ते निघू द्या. काय ओरडायचं ते मी सांगणार नाही. चहा नंतर मिळेल. नसीमा जयसिंगपूरहून सकाळीच येणार आहे, तुम्ही चाराचे साडेचार करू नका. लवकर या.